गिरणीवाल्याचे गाऱ्हाणे आणि मजुराची भाकर

एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक शासनाने किमान वेतनवाढीचा मसुदा प्रसिद्ध केला आणि कारखानदारांच्या संघटनांनी त्यास हरकत घेतली. कलबुर्गीच्या लहान डाळगिरणीवाल्याचे गाऱ्हाणे सर्वस्वी खोटे नव्हे. तुरीचा भाव बाजार ठरवितो, डाळीचाही बाजारच. मजुरी तेवढी त्याच्या हाती उरते, आणि कात्री तिलाच लागते. परंतु १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात बजावले की, गरजेपोटी पत्करलेली अपुरी मजुरी हा न्याय्य करार नव्हे. कायदा सर्वांस सारखा लागू झाल्यास न्यायी मालक स्पर्धेत मागे पडत नाही. तुरीची रास करतेवेळी आपणही मजूर लावतो. तेव्हा हाच न्याय आपल्या खळ्यावरही पाळावा.