आमचं पोर ‘मठ्ठ’, त्यांचं पोर ‘डिस्लेक्सिक’

गेल्या ऑगस्टमध्ये धाकट्या बहिणीचा फोन आला. “दादा, शाळेत बोलावलंय. तू ये बाबा, मला त्यांचं इंग्लिश कळत नाही.” ती बोम्मनहळ्ळीच्या एका गारमेंट फॅक्टरीत शिलाई मशिनवर आहे. तिचा नवरा टेम्पो चालवतो. भाचा चौथीत, गल्लीतल्याच इंग्लिश मीडियम शाळेत. फी त्यांना झेपत नाही, तरी भरतात.

बाई वाईट नव्हत्या. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं सांभाळून घसा बसलेला. म्हणाल्या, “व्हेरी वीक, सर. तलेगे हत्तल्ला.” म्हणजे डोक्यात शिरतच नाही. मग बहिणीकडे बघून विचारलं, आईवडील किती शिकलेत? सातवी, असं कळल्यावर त्यांना सगळा उलगडा झाला. अशा घरातली मुलं अशीच असतात, घरी कोण अभ्यास घेणार, त्याला मागच्या बाकावर बसवलंय म्हणजे बाकीच्यांचा खोळंबा नको. ‘अशा घरातली’ म्हणजे कसल्या घरातली, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नसते. बहीण मान खाली घालून “हो मॅडम” म्हणत राहिली.

हा पोरगा बापाच्या टेम्पोच्या डिझेलचा हिशेब तोंडी करतो. धडा वाचून दाखवला तर उत्तरं फटाफट देतो. पण फळ्यावरचं वहीत उतरवताना अर्ध्यावर थांबतो, ‘वॉज’चा ‘सॉ’ करतो, एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हेने लिहितो. आणि दर सोमवारी सकाळी त्याच्या पोटात दुखतं. रविवारी कधीच दुखत नाही. घरच्यांना वाटायचं, नाटक करतोय. मलाही वाटायचं, हे कबूल करतो.

माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा मुलगा अगदी असाच आहे. आडनाव, इंग्रजी, अपार्टमेंट, सगळं वरच्या मजल्यावरचं. त्याची तपासणी दुसरीतच झाली. शाळेत रिसोर्स रूम आहे, स्पेशल एज्युकेटर आहे, परीक्षेत जादा वेळ मिळतो. सहकारी डबा खाताना मोकळेपणाने सांगतो, “तो डिस्लेक्सिक आहे, पण फार क्रिएटिव्ह आहे.” तो मुलगा शिकतोय याचा मला आनंदच आहे. पण त्याच्या आईवडिलांना कुणी शिक्षण विचारलं नाही. लक्षणं तीच. एका घरात त्याला निदान मिळालं, दुसऱ्या घरात कुळाचा दाखला.

२००७ साली ‘तारे जमीं पर’ आला आणि मध्यमवर्गाला हा शब्द माहीत झाला. त्याआधी १९९६ मध्येच महाराष्ट्राने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आले, त्यात अध्ययन अक्षमताही आली. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्रासाठी जी चाचणी ठरवली, ती याच बेंगळुरूतल्या निम्हान्सची. म्हणजे देशाला माप देणारी संस्था माझ्या बहिणीच्या खोलीपासून फार लांब नाही. अडचण अंतराची नाहीच.

अडचण व्याख्येत आहे. अमेरिकेच्या १९७५ च्या विशेष शिक्षण कायद्याने अध्ययन अक्षमतेची व्याख्या करताना लिहिलं की परिस्थितीजन्य, सांस्कृतिक किंवा आर्थिक वंचिततेमुळे आलेली अडचण यात धरायची नाही. २०१३ चं डीएसएम-५ हे मानसोपचाराचं निदानपुस्तक सांगतं की अपुरं शिकवणं किंवा शिकवण्याची भाषाच नीट न येणं ही कारणं आधी वगळावी लागतात. यामागचा हेतू मी समजू शकतो. गरीब पोरांवर सरसकट ‘अक्षम’ असा शिक्का बसू नये. हा धोका खराच आहे. कॅलिफोर्नियात बुद्ध्यांक चाचणी लावून काळ्या मुलांना मतिमंदांच्या वर्गात ढकलत होते आणि १९७९ मध्ये ‘लॅरी पी.’ खटल्यात न्यायालयाला ते थांबवावं लागलं.

पण आपल्याकडे हे कसं उतरतं बघा. ज्याचं घर गरीब, शाळा स्वस्तातली, भाषा वेगळी, त्याच्या न वाचण्याला आधीच तीन कारणं तयार असतात. मग चौथं कोण शोधणार? दलित पोराला डिस्लेक्सिया असू शकतो, हेच कुणाच्या मनात येत नाही. गरिबी आणि डिस्लेक्सिया एकाच पोराच्या वाट्याला येऊ शकतात की!

भाचा घरी मराठी बोलतो, गल्लीत कन्नड आणि दखनी, शाळेत इंग्रजी. त्याला तपासायचं कुठल्या भाषेत? एका सरकारी दवाखान्यात हा प्रश्न आला तेव्हा तिथली मुलगी स्वतःच गोंधळली. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणी बनवली आहे, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. शिक्षकांनी वर्गातच प्राथमिक चाळणी करावी अशी सोय त्यात आहे. भाच्याच्या शाळेत हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. शिवाय बहिणीसाठी दवाखान्याची प्रत्येक फेरी म्हणजे एक दिवसाचा पगार. दोन फेऱ्यांनंतर तिने मला विचारलं, “दादा, हा कागद मिळाला तर पोरगा वाचायला लागेल का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग रात्री बसून कायदाच वाचला. त्यात कलम १६ आहे. सरकारने अनुदान दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या सगळ्या शाळांनी मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी आणि शिकवण्याच्या पद्धतीत योग्य ते उपाय करावेत, हे पाहणं त्या कलमाने सरकारवर टाकलंय. मान्यता दिलेल्या, म्हणजे गल्लीतली खासगी शाळासुद्धा. आणि ओळखायचं काम शाळेचं, आईचं नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाणही सांगितलं: प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक, वरच्या वर्गांना १५ मागे एक. आमच्या शाळेत एकही नाही.

आपल्यापैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर. गावाकडून फोन येतात ते फॉर्म, कर्ज, दवाखान्यासाठी. भाच्यापुतण्यांच्या शाळेत आपण जातो ते फी कमी करून घ्यायला, किंवा ‘अभ्यास कर रे’ म्हणून पोरालाच दम द्यायला. मीही तेच केलं होतं. आपण घासून घासून शिकलो म्हणून न शिकणारं पोर आपल्याला आळशी वाटतं. मेरिटवाल्यांची ही भाषा आपल्या तोंडात कधी येऊन बसली, कळलंच नाही. आपल्याबरोबर पहिलीत बसलेली आणि सातवीपर्यंत गळून गेलेली पोरं आठवून बघा. सगळीच काही शेळ्या राखायला गेली नव्हती. आमच्या वर्गात एकजण होता, पाढे शंभरपर्यंत पाठ, पण वाचायला उभा केला की चड्डी ओली करायचा. गुरुजी त्याच्या जातीचं नाव घेऊन हसायचे. तो आता वीटभट्टीवर आहे.

मी शाळेला पत्र लिहिलं. एक पान, इंग्रजीत, कलम १६ चा उल्लेख करून. चारच मागण्या: पुढचा बाक, फळ्यावरचं उतरवायला जास्त वेळ, प्रश्न वाचून दाखवणे, तोंडी उत्तराला गुण. प्रमाणपत्राची वाट न बघता. पोच मागितली तेव्हा मुख्याध्यापकांनी मला खुर्ची दिली. ऑगस्टमध्ये बहिणीसोबत दोघेही उभेच होतो.

पहिल्या दोन मागण्या मान्य झाल्या. प्रश्न वाचून दाखवायला बाई “वेळ असेल तर” म्हणाल्या, तोंडी गुणांचं अजून अडलंय. दुसरं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिलंय, त्याची पोच बहिणीने स्वतः जाऊन आणली. भाचा अजून ‘वॉज’चा ‘सॉ’ करतो. गेले तीन सोमवार पोटात दुखलं नाही म्हणे.