ती खोटं बोलतेय, ही गोष्ट कोण रचतं?



आमच्या कवठे महांकाळच्या अभ्यासिकेत एक पोरगा आहे. दिवसभर स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आणि रात्री मोबाईलवर 'स्टार ट्रेक' बघतो. परवा म्हणाला, "दादा, यात जात नाही, धर्म नाही, पैसासुद्धा नाही. काळी बाई अधिकारी आहे. बाबासाहेबांना हवा होता तो समाज हाच की!"

त्याचा उत्साह खोटा नव्हता. १९६६ साली अमेरिकेत काळ्या माणसांचा लढा पेटलेला असताना उहुरा नावाची काळी लेफ्टनंट पडद्यावर आणणं ही साधी गोष्ट नव्हती. पण भेदभाव संपला असं ज्या समाजात सांगितलं जातं, तिथे बाईच्या शब्दाला किती किंमत आहे हे बघितल्याशिवाय मी कुणाला प्रमाणपत्र देत नाही. 'आता जात राहिलीय कुठे' असं आपल्या गावात कोण म्हणतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

तर बघू. पहिल्याच वर्षी, ऑक्टोबर १९६६ मध्ये, 'द एनिमी विदिन' हा भाग आला. यंत्रातल्या बिघाडामुळे कॅप्टन कर्कचे दोन माणसांत तुकडे होतात, एक चांगला आणि एक वाईट. वाईट कर्क आपल्या हाताखालच्या रँड या तरुणीवर जबरदस्ती करू बघतो. म्हणजे गुन्हा कॅप्टनने केला नाही, त्याच्यातल्या सैतानाने केला! शेवटी सगळं निस्तरल्यावर स्पॉक तिलाच टोमणा मारतो, त्या तोतयात काही गुण मजेशीर होते, नाही का, अशा अर्थाचा. ही भूमिका करणाऱ्या ग्रेस ली व्हिटनी यांनी १९९८ साली आत्मचरित्र लिहिलं. मालिकेशी संबंधित एका वरिष्ठाने आपल्यावर लैंगिक अत्याचार केला आणि त्यानंतर काही दिवसांत आपल्याला काढण्यात आलं, असं त्यांनी त्यात सांगितलं. त्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. बत्तीस वर्षांनंतरही नाव घेता येऊ नये, ही भीती आपल्या आयाबहिणींना समजावून सांगावी लागत नाही.

नोव्हेंबर १९६८ चं ते गाजलेलं चुंबन घ्या. गोरा कर्क आणि काळी उहुरा. अमेरिकन टीव्हीच्या इतिहासात त्याचा गौरव होतो आणि वंशवादाच्या नाकावर टिच्चून ते दाखवलं गेलं हे खरंच आहे. पण त्या भागाची गोष्ट काय आहे? स्वतःला प्लेटोचे वारस म्हणवणारे काही परग्रहवासी बसल्या जागेवरून मनाच्या ताकदीने दुसऱ्यांना नाचवतात. ते चुंबनही तेच घ्यायला लावतात, स्वतःच्या करमणुकीसाठी. दोघांपैकी कुणाचीच संमती नाही. (चातुर्वर्ण्याची चिरफाड करताना बाबासाहेबांनी प्लेटोलाही सोडलं नव्हतं, हे इथे आठवतंच.) मालकांच्या मैफलीत काळ्या बाईला नाचवलं जातं आणि त्याची नोंद क्रांती म्हणून होते. सवर्णांच्या पुरोगामीपणाचं यापेक्षा नेमकं चित्र मला माहीत नाही.

पुढचं भरभर सांगतो. १९८८ च्या एका भागात डियाना ट्रॉय झोपेत असताना एक परग्रही शक्ती तिच्या शरीरात शिरते आणि ती गरोदर राहते. वरिष्ठ अधिकाऱ्यांची बैठक बसते. बाप कोण, जहाजाला धोका आहे का, गर्भ ठेवायचा की नाही, यावर चर्चा झडते. निर्णय ती स्वतः घेते, पण जे झालं त्याला जबरदस्ती म्हणायला कुणी तयार नाही. १९९२ च्या एका भागात मनात घुसणाऱ्याला निदान गुन्हेगार ठरवलं गेलं. आणि २००२ च्या 'नेमेसिस' सिनेमात तिच्यावर पुन्हा तसाच हल्ला होतो, ती आपल्याला कामावरून मोकळं करा म्हणते, तेव्हा कॅप्टन पिकार्ड तिला आणखी सोसता आलं तर सोस म्हणून विनवतो. कारण जहाजाला तिची गरज आहे.

आता खरा मुद्दा. फेब्रुवारी १९९८, 'व्हॉयेजर' मालिकेतला 'रेट्रोस्पेक्ट' हा भाग. सेव्हन ऑफ नाईन ही लहानपणी पळवून नेलेली, माणूसपण हिरावून घेतलेली आणि आता माणसांत परत आलेली तरुणी. तिला आठवतं की कोव्हिन नावाच्या शस्त्रव्यापाऱ्याने तिला बेशुद्ध करून तिच्या शरीरातून काही काढून घेतलं. बलात्कार हा शब्द नाही, पण बघणाऱ्याला तेच कळतं. डॉक्टर तिच्यावर विश्वास ठेवतो. कोव्हिन म्हणतो, नुसत्या आरोपाने माझं सगळं संपेल. तपासात पुरावा त्याच्या बाजूने निघतो, तो घाबरून पळतो आणि त्याचं जहाज फुटून मरतो. शेवटी तिला पश्चात्ताप. डॉक्टरलाही पश्चात्ताप, तिच्यावर विश्वास ठेवल्याचा!

कुठलंही विश्व रचायची मुभा असलेल्या लेखकांनी हे रचलं. तारे, ग्रह, यंत्रं सगळं त्यांच्या हातात होतं. त्यातून त्यांनी निर्दोष पुरुष आणि चुकीचं आठवणारी बाई निवडली. त्याच वर्षी त्याच मालिकेच्या पहिल्या पिढीतली अभिनेत्री आपल्यावर काय झालं ते छापून सांगत होती. ती गोष्ट कुणाला पडद्यावर आणावीशी वाटली नाही.

ही अमेरिकेतली भानगड, आपल्याला काय, असं म्हणू नका. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला, ते मथुरा प्रकरण. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नाही, म्हणजे संमती. चार कायदेपंडितांनी खुलं पत्र लिहिलं, बाया रस्त्यावर आल्या, तेव्हा १९८३ साली कायदा बदलला. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. मृतदेह उकरून पुन्हा तपासावे लागले. खटल्यात बलात्काराचं कलम टिकलं नाही, अ‍ॅट्रॉसिटीचंही नाही. गृहखातं तेव्हा आपल्या शेजारच्या अंजनीच्या आर. आर. आबांकडे होतं आणि त्यांनी आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याची शंका घेतली. मेलेल्यांपेक्षा रडणाऱ्यांचा तपास आधी.

आणि कराड तर आपल्यापासून फार लांब नाही. तिथल्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या तक्रारीतून निघालेल्या प्रकरणात २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. अटकेआधी परवानगी, गुन्ह्याआधी चौकशी. ते प्रकरण लैंगिक अत्याचाराचं नव्हतं, पण कथानक 'रेट्रोस्पेक्ट'चंच होतं: बिचारा निर्दोष अधिकारी आणि गैरवापर करणारा तक्रारदार. २ एप्रिलच्या भारत बंदमध्ये माणसं मेली, ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला, आणि १ ऑक्टोबर २०१९ ला त्याच न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले. खोटेपणाचा संबंध जातीशी लावता येत नाही, हे त्या निकालात सांगावं लागलं. सांगावं लागलं, हे लक्षात घ्या.

२०१६ मध्ये कोपर्डीच्या मुलीसाठी लाखो लोक निघाले, सांगलीतही निघाले. तिला न्याय मिळायलाच हवा होता. पण त्याच मोर्च्यांत अ‍ॅट्रॉसिटी कायदा बदला ही मागणी कुठून आली? एका मुलीवर विश्वास ठेवताना दुसऱ्या हजारोंवर अविश्वास का मागितला गेला?

आता घरचं. आपल्या वस्तीतली, आपल्या संघटनेतली पोरगी आपल्याच कार्यकर्त्याविरुद्ध बोलली की आपण काय करतो? 'चळवळीची बदनामी होईल.' 'त्याचं करिअर संपेल.' 'शत्रूच्या हातात कोलीत मिळेल.' मी अशा बैठकांत बसलोय आणि एकदा गप्पही राहिलोय. पिकार्डने ट्रॉयला जे सांगितलं तेच आपण सांगतो, आणखी थोडं सोस, जहाजाला तुझी गरज आहे. हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचा फोटो त्या बैठकीत भिंतीवर असतो.

त्या पोराला मी 'बघू नकोस' म्हटलं नाही. रविवारी अभ्यासिकेत आठ-दहा जणांनी मिळून 'रेट्रोस्पेक्ट' बघितला. संपल्यावर मी एवढंच विचारलं, तिच्यावरचा तुमचा विश्वास नेमका कुठल्या क्षणी उडाला? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तोच म्हणाला, "दादा, पुरावा यायच्या आधीच. तो 'माझं सगळं संपेल' म्हणाला ना, तेव्हाच."