मंगळवार, दोन ते चार

 

या आठवड्यात माझं डोकं फिरवलं ते एका पाटीनं. भाचीच्या फार्मसी कॉलेजात समुपदेशनाच्या खोलीबाहेर लिहिलंय : मंगळवार, दुपारी २ ते ४. सगळ्या कॉलेजला मिळून एकच बाई. भाची दिवाळीपासून लेक्चरला उठत नव्हती, मेसचा डबा भरलेला परत जात होता. तरी स्वतःहून जाऊन तिनं नाव नोंदवलं. तारीख मिळाली पुढच्या महिन्यातली. त्यात मंगळवारी दोन ते चार तिचं प्रॅक्टिकल. ते बुडवायचं तर ऑफिसला बाईंची चिठ्ठी हवी. आणि बाई कधी भेटणार? मंगळवारी, दोन ते चार.

विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं, की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवाच. पात्र तर पात्र, पण किती वाजता?

मधल्या काळात घरातले सगळे समुपदेशक झाले. आत्याबाईंनी सूर्यनमस्कार सुचवले. वहिनीनं मोबाईलला दोष दिला. काका म्हणाले, ‘आम्ही कंदिलाखाली शिकलो, आम्हाला कुठे काय झालं?’ काका दादरला वाढले. त्यांच्या चाळीत त्यांच्या जन्माआधीपासून वीज होती.

मी तावातावानं होस्टेलवर गेले, तर तिथे रूममेट भेटली. बीडकडची. भाचीचा शाम्पू सर्रास वापरते आणि बेसूर गाते. तिनं सल्ला म्हणून काही दिला नव्हता. सकाळी नुसती ब्रश हातात देऊन म्हणायची, ‘चल, दात घासू. अंघोळीचं उद्या बघू.’ डब्यातली अर्धी पोळी समोर बसून खायला लावायची, उरलेला डबा स्वतः संपवायची. बदल्यात भाचीनं तिच्या जर्नलमधल्या आकृत्या काढायच्या. एका दुपारी बडीशेपेच्या छेदाची आकृती अर्धी झाली आणि भाची परत पांघरुणात शिरली. ‘अर्धी तर अर्धी,’ म्हणून हिनं जर्नल मिटलं.

आणि एका रात्री तिनं सरळ विचारलं, ‘मरायचं येतं का गं डोक्यात?’ हे कळल्यावर आमच्या घरात हलकल्लोळ. असं विचारतात का कुणी! विचारतात. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, हे डॉक्टर मंडळी कधीची सांगताहेत. पण आमच्याकडे डॉक्टरांचं फक्त साखरेच्या बाबतीत ऐकतात. भाची म्हणाली, तसं नाही, पण उठावंसं वाटत नाही. तेव्हाच ठरलं : उत्तर बदललं, तर मध्यरात्रीही रूममेटला उठवायचं आणि तारखेची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. कपाटाच्या दारावर स्केचपेननं १४४१६ लिहिलंय. ‘टेलि-मानस’चा हा नंबर केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. पहिला फोन रूममेटनंच स्पीकरवर लावून दिला आणि मग गच्चीवर गायला गेली.

मी पिशवीतून प्राणायामाचं पुस्तक काढलं. रूममेटनं ते चाळलं, उशाखाली सरकवलं आणि म्हणाली, ‘मावशी, पुढल्या टायमाला चकल्या आणा. हिला नाही गेल्या तर मी आहेच.’

भाजणी घरात आहे. शनिवारी जाईन. जाता जाता बाईंची चिठ्ठी मागणाऱ्या कॉलेजच्या ऑफिसातल्या साहेबांनाही भेटून येईन, त्यांना मात्र चकली मिळणार नाही.