घसारा कोणाचा?

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात यंत्राचा घसारा हा एक निरुपद्रवी आकडा असतो. आयकराच्या नियमाप्रमाणे सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर दरवर्षी शिल्लक किमतीच्या १५ टक्के घसारा धरला, तर एक लाख रुपयांच्या यंत्राची किंमत २० वर्षांनंतर हिशेबवहीत चार हजारांच्याही खाली येते. वहीच्या लेखी ते यंत्र संपलेले असते. पण भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातील छोट्या गाळ्यांतून असे वहीत संपलेले, तांब्याच्या गुंडाळीचे अवजड ट्रान्सफॉर्मर-यंत्र रोज सकाळी सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियमचे सांधे जोडू लागते. कामगार या कामाला नुसते ‘आरगॉन’ म्हणतात.

हे काम कठीण का, हे समजून घेतले पाहिजे. अ‍ॅल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते. पण त्याच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडचा पातळ थर वितळायला दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागते. हा थर फोडण्यासाठी प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह वापरावा लागतो. त्याचे एक अर्धचक्र थर उडविते, दुसरे धातूत उष्णता उतरविते. जुन्या ट्रान्सफॉर्मर-यंत्रात ही दोन अर्धचक्रे सामान्यतः सारख्याच कालावधीची असतात. नव्या इन्व्हर्टर-यंत्रात त्यांचे प्रमाण बटण फिरवून बदलता येते, शिवाय वीजही कमी लागते. जुन्या यंत्रावर ही उणीव भरून काढतो तो कामगाराचा हात: टॉर्चचा कोन, चापाची लांबी, पूरक सळई पुढे सारण्याची लय आणि धातू ढासळण्याच्या क्षणभर आधी पायाखालचा दाब कमी करण्याचे भान. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादासारखे लालही होत नाही. इशारा न देता ते खाली गळते.

म्हणजे यंत्राच्या घसाऱ्याची भरपाई माणूस करतो. वहीत या भरपाईसाठी रकाना नाही.

मग गाळ्याचा मालक नवे यंत्र का घेत नाही? त्याला आळशी किंवा मागासलेला ठरविणे सोपे आहे. परंतु तो पुरवठा-साखळीच्या अगदी शेवटच्या पायरीवर उभा आहे. जॉबवर्कचा दर वरून ठरतो. लघुउद्योगांची देणी फार तर ४५ दिवसांत चुकवावीत, असे २००६ चा कायदा सांगतो. पण मोठ्या ग्राहकाविरुद्ध दाद मागणे म्हणजे पुढच्या कामावर पाणी सोडणे, हे गाळेवाला जाणतो. त्याचे भांडवल येण्यात अडकलेले असते आणि जुने यंत्र चालूच राहते.

तथापि, नवे यंत्र आले की प्रश्न सुटला, असे मानणे हीदेखील दिशाभूल ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधील अतिनील किरण या दोहोंना मानवी कर्करोगाची निश्चित कारणे मानले. आरगॉनच्या चापातून निघणारे किरण भोवतालच्या हवेत ओझोन निर्माण करतात. यंत्र जुने असो की नवे, तो ओझोन बंद गाळ्यात कामगाराच्या फुप्फुसातच जातो.

कायद्याचे संरक्षण येथे पोहोचत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा कामगारांची मर्यादा होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती वीसवर नेली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीन-चार माणसांचा गाळा पूर्वीही या व्याख्येबाहेर होता. आता त्याहून मोठे गाळेही तिच्याबाहेर गेले.

यावर उपाय अशक्य नाही. प्रत्येक औद्योगिक क्षेत्रात सामाईक सुविधा केंद्र असावे. तेथे नवी यंत्रे तासाच्या भाड्याने मिळावीत, धूर खेचून घेण्याची सोय असावी, डोळ्यांची व फुप्फुसांची वार्षिक तपासणी व्हावी. गाळ्यातच शिकलेल्या कामगाराची परीक्षा घेऊन त्याला कौशल्याचा दाखलाही तेथेच द्यावा. लघुउद्योग समूहांसाठी अशा केंद्रांना अर्थसाहाय्य देणारी केंद्र सरकारची योजना आहेच. उणीव आहे ती यंत्राइतकाच माणूसही मोजण्याच्या इच्छेची.

यंत्र झिजले की मालकाला करात सवलत मिळते. वीस वर्षे त्या चापाकडे पाहून ज्याची दृष्टी झिजली, त्याचा घसारा कोणाच्या खात्यावर मांडायचा, याचे उत्तर समाजाने दिले पाहिजे.