थंडीचे वंगण आणि ग्राहकाचे अज्ञान

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पिंपरीच्या संत तुकाराम नगरातून पहिल्या पाळीसाठी भोसरी, आकुर्डी आणि चाकणकडे निघणाऱ्या दुचाकींपैकी काही हटकून रुसतात. दोष अर्थातच थंडीला दिला जातो. मग गॅरेजमध्ये सल्ला मिळतो : ‘थंडी आहे, पातळ ऑइल घाला.’ शेजारच्याच गिऱ्हाइकाला मात्र ‘गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल घाला’ असे सांगितले जाते. या सल्ल्यांत शास्त्र किती आणि सवय किती, हे तपासण्याचे साधन ग्राहकापाशी नसते. ज्या परिसरात लाखो इंजिने तयार होतात, तेथेच इंजिनात कोणते तेल घालावे हा प्रश्न ऐकीव माहितीवर सुटावा, हे नवलाचे आहे.

वस्तुतः उत्तर डब्यावरच छापलेले असते. ‘१०डब्ल्यू-३०’ या खुणेतील ‘डब्ल्यू’ हे हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर होय. त्याच्या आधीचा आकडा गारठलेल्या इंजिनात तेल किती सहज हलते हे सांगतो. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, त्याचा दाटपणा किती उरतो हे दर्शवितो. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार ‘२०डब्ल्यू’ तेलाची गारठ्यातील परीक्षा उणे १५ अंशांवर होते, ‘१०डब्ल्यू’ची उणे २५ अंशांवर आणि ‘०डब्ल्यू’ची उणे ३५ अंशांवर. याउलट पुण्यातील आजवरचे नीचांकी तापमान १९३५ च्या जानेवारीत नोंदले गेले, ते १.७ अंश होते, तेही शून्याच्या वर. तेव्हा केवळ येथील थंडीपोटी महागडे पातळ तेल घेण्याचे कारण उरत नाही. पहाटे रुसणाऱ्या गाडीचे दुखणे बहुधा क्षीण बॅटरीत किंवा मळलेल्या स्पार्क प्लगमध्ये असते.

लडाखची गोष्ट वेगळी. तेथे हा पहिला आकडा खरोखर निर्णायक ठरतो. एवढेच नव्हे, तर तेथील हिवाळ्यात साधे डिझेलही गोठू लागते. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल आणले.

याचा अर्थ आपल्याकडे कोणतेही तेल चालेल असा मात्र नव्हे. अनेक नव्या मोटारींची इंजिने पातळ तेलासाठीच घडविलेली असतात. त्यांत जाड तेल घातले तर इंधन अधिक जळते आणि सकाळी इंजिन सुरू होताच सर्व भागांपर्यंत तेल पोचण्यास विलंब लागतो. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. त्यांना ‘जासो एमए’ गटातील तेल लागते. घर्षण घटविणारी द्रव्ये असलेले मोटारीचे तेल त्यांत ओतले तर क्लच घसरू शकतो. काजळी अडविणारी गाळणी बसविलेल्या डिझेल गाड्यांना राख कमी सोडणारे तेल हवे. तात्पर्य, निवड हवेच्या लहरीवर नव्हे, तर इंजिनाच्या घडणीवर ठरते, आणि ती निर्मात्याच्या पुस्तिकेत लिहिलेली असते.

ही पुस्तिका वाचली जात नाही, येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो आणि ग्राहकाला नसतो, तेव्हा वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो. तेलाचा बाजार याच जातीचा आहे. चुकीच्या वा भेसळीच्या तेलाचा परिणाम काही महिन्यांनी दिसतो आणि तेव्हा तो कोणावरही लादता येत नाही. वापरलेले तेल गाळून, नामांकित डब्यांत भरून विकणाऱ्यांचे याच अंधारात फावते. रिक्षाचालक डब्यामागे शंभर रुपये वाचवितो आणि इंजिनाच्या दुरुस्तीपायी कित्येक दिवसांची कमाई घालवितो. प्रामाणिक दुकानदार मात्र महाग ठरतो.

ग्राहकाने स्वतः जागे राहावे, असे म्हणणे सोपे आहे. परंतु पुस्तिका पुष्कळदा इंग्रजीत असते, आणि जुनी गाडी घेणाऱ्याच्या हाती ती येतच नाही. म्हणून निर्मात्यांनी तेलाची प्रत आणि मात्रा मराठीतून, ठळक अक्षरांत, वाहनावरच चिकटवावी. दुकानदाराने पावतीवर केवळ ‘ऑइल’ न लिहिता प्रत लिहावी. ग्राहकानेही डबा समोर उघडून घ्यावा आणि रिकामा झाल्यावर भोक पाडूनच टाकावा. काढलेल्या काळ्या तेलाचे काय होते, हेही विचारले पाहिजे. ते गटारातून पवनेत जाता कामा नये आणि नव्या डब्यातही परतता कामा नये. एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आली आहे; ती कागदावर राहू नये यासाठी गॅरेजांपर्यंत संकलनाची व्यवस्था पोचली पाहिजे.

यांपैकी एकाही उपायाला मोठे भांडवल लागत नाही. डब्यावरील दोन आकडे वाचता येणारा ग्राहक दहा तपासनिसांचे काम करतो. इंजिने घडविणाऱ्या या नगरीत तरी ती साक्षरता दुर्मीळ असू नये.