उत्खननात घाम कुणाचा, नाव कुणाचं?

दोन वर्षांपूर्वी एका उत्खननाच्या जागी मी तीन आठवडे राहिले होते. माझं काम उकरण्याचं नव्हतं. तिथे मजुरीवर येणारी माणसं कोण आहेत, कुठल्या वस्तीतून येतात, त्यांच्या हाती काय पडतं, याची नोंद मी पीएचडीसाठी घेत होते. जागेचं आणि संस्थेचं नाव इथे देत नाही, कारण जे सांगायचं आहे ते एकट्या त्या जागेचं नाही.

एका सकाळी खड्ड्यात खुरपं चालवणाऱ्या मावशी मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "थांबा, इथं भुई लागली." शेजारी उभा असलेला, एम.ए. झालेला तरुण खाली वाकला. त्याला काही वेगळं दिसेना, मला तर नाहीच नाही. मावशींनी बोटाने मातीचा पातळ पापुद्रा उचलून दाखवला. सारवणावर सारवण चढत गेलं की असा पापुद्रा सुटतो. जन्मभर त्या शेणाने घर सारवत आल्या होत्या, त्यांना ते कळायला पुस्तक लागलं नाही. ब्रश फिरवल्यावर खरोखरच चोपून सारवलेली जमीन उघडी पडली. वहीत नोंद झाली: थराचा क्रमांक, खोली, 'जमीन'. खाली सही त्या तरुणाची.

दुपारी मोठे साहेब आले. जमीन कशी ओळखली, असं त्यांनी कौतुकाने विचारलं. मावशी म्हणाल्या, "आम्हाला काय कळतंय साहेब. खोदा म्हटलं, खोदलं."

संध्याकाळी वस्तीकडे चालताना मी त्यांना विचारलं, "मावशी, तुम्हाला तर सगळं कळलं होतं. मग असं का म्हणालात?"

"कळतंय म्हटलं की लई शहाणी झाली म्हणतात, पोरी. उद्याच्याला बोलवत नाहीत."

त्या क्षणी मला माझी आजी आठवली. १९७२च्या दुष्काळात ती कामावर खडी फोडायला जायची. कुठला दगड कसा फुटतो, मुरूम कुठे लागेल, पाणी कुठे मुरेल, हे ती सांगायची. सरकारी कागदावर मात्र ती अकुशल मजूर होती. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अशी आजी किंवा आई असेल.

मावशींच्या त्या उत्तरावर जगात अभ्यास झालेला आहे. अ‍ॅलिसन मिकेल या संशोधक बाईंनी जॉर्डनमधल्या पेट्रा आणि तुर्कस्तानातल्या चाताल ह्योयुक इथल्या खोदकाम करणाऱ्यांबद्दल २०२१ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की वर्षानुवर्षं खोदणाऱ्या स्थानिक माणसांकडे पक्कं ज्ञान तयार होतं, पण ते लपवण्यातच त्यांचा फायदा असतो. 'साधा मजूर' दिसलं तर काम टिकतं. आपल्याकडे आशिष अविकुंठक यांनी त्याच वर्षी आलेल्या पुस्तकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कॅम्पमधली उतरंड मांडली आहे.

आपल्या देशात या उतरंडीला जातीची जोड मिळते. त्या उत्खननावर पहिल्याच दिवशी मला दोनदा आडनाव विचारलं गेलं. एकदा कॅम्पच्या तंबूत आणि एकदा मावशींकडून. तंबूतल्यांना मला कुठे बसवायचं ते ठरवायचं होतं, मावशींना माझ्याशी मोकळं बोलता येईल का ते पाहायचं होतं. खड्ड्यात उतरणारे बहुतेक भूमिहीन दलित आणि आदिवासी. वही धरणाऱ्यांत त्यांच्या वस्तीतलं कुणीच नव्हतं. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं की जात नुसती कामं वाटून थांबत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच वरखाली करून एकमेकांपासून तोडते. हात कुणाचे आणि डोकं कुणाचं हे जिथे जन्माने ठरतं, तिथे हातांना कळलेलं ज्ञान म्हणून नोंदलं जात नाही.

मातीची माहिती आपल्या लोकांना नवी नाही. जुन्या वस्तीच्या टेकाडाला मराठीत पांढरी म्हणतात. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. राख, शेण आणि पडलेल्या घरांच्या मातीने तिला तो रंग येतो आणि पुरातत्त्वज्ञही तिच्याच मागावर जुनी गावं शोधतात. गावच्या शिवेचा तंटा झाला की महाराची साक्ष मोलाची मानली जायची, कारण शीव राखण्याचं काम त्याच्यावर लादलेलं होतं. शीव माहीत असलेल्या माणसाला पांढरीत घर मात्र नव्हतं.

दायमाबादचं उदाहरण घ्या. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठावर हे गाव आहे. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल यांना एका झुडपाचं मूळ उकरताना काशाची चार शिल्पं सापडली. बैलजोडीचा रथ आणि त्यावर उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारही मिळून वजन साठ किलोंहून जास्त. भारतीय पुरातत्त्वातल्या सर्वांत गाजलेल्या शोधांपैकी हा एक. शिल्पं रीतसर उत्खननाच्या थरात सापडली नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद राहिला. सापडवणाऱ्याचं नाव मात्र नोंदीत टिकलं. आता असं दुसरं नाव आठवून पाहा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वार्षिक आढाव्यात उत्खनन कुणी केलं, त्यांना मदत कुणी केली, यांची नावं छापतात. त्यात अधिकारी असतात, छायाचित्रकार असतात, नकाशे काढणारेही असतात. घमेलं उचलणाऱ्यांचं नाव मस्टरवर असतं आणि मस्टर कुणी छापत नाही.

हा मुद्दा नावापुरताच असता तर मी इतकं लिहिलं नसतं. खड्ड्याच्या काठावर कोण उभं आहे यावर मातीला कोणते प्रश्न विचारले जातील हे ठरतं. स्पर्धा परीक्षेची तयारी केलेल्या प्रत्येकाला सिंधू संस्कृतीची गटारं पाठ असतात. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात अर्नेस्ट मॅके यांचं एक निरीक्षण आहे. १९२७ ते १९३१ या काळात त्यांनी मोहेंजोदडोत उत्खनन केलं. गटारांच्या कडेला त्यांना ठिकठिकाणी वाळूचे छोटे ढीग दिसले. म्हणजे गटारं उपसली जात होती आणि उपसलेला गाळ नेहमीच उचलला जात नव्हता. मग उपसत कोण होतं? तिथे जात होती, असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही आणि मी तसं म्हणणारही नाही. पण हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे करावे लागलेल्या आणि तरीही गटारात माणसं मरत असलेल्या देशात आपण विद्यार्थ्यांना फक्त गटारांची रचना विचारतो. गटारात उतरणारा माणूस प्रश्नपत्रिकेत येत नाही.

पुणे जिल्ह्यातलं इनामगाव पाहा. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन गावाचं डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सुखवस्तू शेतकऱ्यांची घरं वस्तीच्या मध्यावर आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारे यांची घरं पश्चिमेच्या कडेला, असं उत्खननकर्त्यांनी मांडलं. गावाच्या कडेला राहणं म्हणजे काय हे ज्याने अनुभवलंय, तो यावर चार प्रश्न जास्त विचारेल. भट्टीचा धूर नको म्हणून ती घरं कडेला होती की दुसरं काही कारण होतं? कडेच्या घरांत मध्यासारखंच अन्न शिजत होतं का? उत्तर काहीही येवो, प्रश्न तर पडला पाहिजे.

गडांचंही तेच. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. आनंदच आहे. पण गड म्हणजे फक्त सदर, राजवाडा आणि बुरूज नव्हे. गडाच्या पायथ्याशी घेरा असायचा, त्यात मेटं असायची. तिथे महार, मांग, रामोशी, काही भागांत कोळी आणि भिल्ल पहारा द्यायचे. त्या वस्त्यांतल्या चुली, खापरं, पाणवठे यांचं उत्खनन कधी होणार?

पाणवठा म्हटलं की दौलताबाद आठवतो. १९३४ मध्ये बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी थांबले. प्रवासाच्या धुळीने भरलेले हातपाय काही जणांनी दारातल्या टाक्याच्या पाण्याने धुतले आणि पाणी बाटवलं म्हणून स्थानिक मुसलमान अंगावर धावून आले. अखेर किल्ला पाहू दिला, पण कुठेही पाण्याला शिवायचं नाही या अटीवर आणि लक्ष ठेवायला हत्यारी शिपाई सोबत देऊन. देशातल्या सर्वांत मोठ्या विद्वानांपैकी एकाने हा किल्ला असा पाहिला. आज तिथे तिकीट काढून कुणीही जातं, पण ही गोष्ट सांगणारी पाटी मला तरी तिथे दिसली नाही.

माझे वडील विचारतात, "नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्त्या अडकतात आणि तू मातीत काय शोधतेस?" त्यांना मी कीळडीचं सांगते. या तामिळनाडूतल्या जागेचा ९८२ पानांचा अहवाल जानेवारी २०२३ मध्ये सादर झाला. मे २०२५ मध्ये केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने तो दुरुस्त करायला सांगितला आणि मोठा राजकीय वाद पेटला. देशाचं मूळ कुणाचं, हे आज असं मातीतून ठरवलं जातंय. त्या भांडणात पुरावा वाचता येणारे आपले लोक नसतील तर आपण फक्त घोषणा देऊ. आपल्याकडेही प्रत्येक अवशेषात आपला राजा शोधायची घाई असते. त्यामागची भूक मला कळते. पण मला राजापेक्षा गटार उपसणारा आणि भुई सारवणारी शोधायला आवडेल. आपले पूर्वज बहुतेक तिथेच सापडतील.

म्हणून तीन मागण्या. एक, उत्खननाच्या अहवालात मजुरांची नावं त्यांना विचारून छापा आणि कुठली गोष्ट कुणी ओळखली हे वहीत लिहा. दोन, वर्षानुवर्षं खोदणाऱ्यांना कुशल कामगाराचा दर द्या. तीन, ही आपल्यासाठी: या विषयात शिरा. ग्रेटर नोएडात पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संस्थेत पदव्युत्तर पदविका आहे. २०२० मध्ये तिच्या पात्रतेतून तमिळ भाषा वगळली गेली होती. लोकांनी आवाज उठवला आणि काही दिवसांत ती घ्यावी लागली. दार कुणासाठी किती उघडं आहे यावर लक्ष ठेवलं तर ते हलतं.

निघायच्या दिवशी मावशींनी विचारलं, "तुझ्या पुस्तकात माझं नाव लिहिशील ना?" मी समजावलं की आमच्या अभ्यासात नाव बदलून लिहावं लागतं, तुमच्या रोजीला धक्का लागू नये म्हणून. त्या हसल्या. "तिकडं अंगठा, हिकडं दुसरंच नाव," म्हणाल्या.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. या लेखातही त्यांचं नाव नाही. नाव लिहिल्याने काम जाईल ही भीती आहे तोवर मी ते लिहू शकत नाही. ती भीती घालवणं ज्यांच्या हातात मस्टर आहे त्यांचं काम आहे आणि ते त्यांच्याकडून करून घेणं आपलं.