नाल्यात चमकते ते काय?



पावसाळा सरला, नाल्याचे पाणी नितळ झाले, की आमच्या पारशिवनी तालुक्यात दरवर्षी कोणी ना कोणी रुमालाच्या गाठीत एक दगड बांधून आणतो. हळूच गाठ सोडतो आणि विचारतो, "साहेब, सोनं तर नाही ना?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या जमिनीच्या पोटात काय आहे, हे मालकाने विचारायलाच हवे. म्हणून आज पीक-पाण्याऐवजी दगडाची गोष्ट सांगतो.

घरातली वाकळ जमिनीवर पसरा आणि दोन्ही बाजूंनी आत लोटा. मध्ये घड्या पडून ती उंच होते. डोंगरही असेच होतात. पृथ्वीचे कवच मोठमोठ्या तुकड्यांचे आहे. आपली नखे वाढतात तितक्या संथपणे हे तुकडे सरकतात. दोन तुकडे एकमेकांवर रेटले, की मधले थर चुरगळून वर येतात. हिमालय असाच झाला आणि अजूनही उंचावतो आहे.

आपल्या भागात हे सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी घडले. त्याआधी येथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चिखल, वाळू, चुना आणि मँगनीज यांचे थर साचले होते. डोंगर उठताना हे थर दाबले गेले, तापले, घड्याळले. चिखलाचा अभ्रकाचा दगड झाला, चुन्याचा संगमरवर झाला आणि मँगनीजचे घट्ट खनिज झाले. पुढे ऊन, वारा आणि पावसाने तो डोंगर झिजवला. पेंचच्या काठी आज दिसतो, तो त्याचा उरलेला बुंधा आहे.

सावनेरकडील गुमगाव, रामटेककडील मनसर आणि कांद्री, भंडाऱ्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, पुढे बालाघाट, या मँगनीजच्या साऱ्या खाणी एकाच पट्ट्यात आहेत. त्या जुन्या घड्यांवरच बसल्या आहेत. येथल्या एका मँगनीजी दगडाला फर्मर नावाच्या इंग्रज भूवैज्ञानिकाने 'गोंडाइट' हे नाव दिले, येथल्या गोंड लोकांवरून. जगभरच्या पुस्तकांत ते आजही चालते.

आता सोन्याकडे येऊ. डोंगर उठताना खोलवरचे कढत पाणी भेगांतून वर चढते. त्यात सोन्याचा अगदी बारीक अंश विरघळलेला असतो. वर येऊन पाणी निवले, की गारेच्या पांढऱ्या शिरांमध्ये सोने मागे राहते. मग डोंगर झिजतो, माती वाहून जाते, पण सोने पाण्यापेक्षा एकोणीस पट जड असल्याने फार दूर जात नाही.

वाळवंटात हा प्रकार उघड दिसतो. तेथे झाडझाडोरा नाही, मातीचे पांघरूण पातळ आहे, आणि हलकी रेती वारा उडवून नेतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कालगुर्ली येथे 1893 मध्ये असेच उघड्यावर सोने सापडले आणि लोकांची झुंबड उडाली. इजिप्तच्या पूर्वेकडील वाळवंटात हजारो वर्षांपूर्वीच खाणी होत्या. सोने वाळवंटाने केले नाही. ते जुन्या डोंगराने केले, वाळवंटाने फक्त उघडे ठेवले.

मग आपल्याकडे? नागपूर जिल्ह्याच्या भिवापूरकडील जुन्या खडकांत सोन्याचे अंश मिळाले आहेत. पूर्वी सोनझरी लोक नद्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण काढीत. पण अंश असणे वेगळे आणि खाण चालणे वेगळे. टनभर दगडातून चार-पाच ग्रॅम सोने निघाले, तरी खाण चांगली समजतात. तेवढ्यासाठी टनभर दगड फोडून त्याचे पीठ करावे लागते.

तेव्हा रुमालातला दगड घरीच तपासा. चमकता कण सुईने टोचा. पापुद्रा सुटला तर तो अभ्रक. हातोडीने ठोका. चुरा झाला आणि गंधकाचा वास आला, तर ते लोखंड-गंधकाचे खनिज. सोने फुटत नाही, चपटे होते. परातीत वाळू घेऊन पाण्यात गोल फिरवा. अभ्रक तरंगत बाहेर जाईल, सोने तळाशी बसेल. आमच्या नाल्यांतली चमक बहुतेक वेळा अभ्रकाचीच असते.

कोणी पाहुणा येऊन "तुमच्या शेतात सोनं आहे, तपासणीचे पैसे भरा" म्हणाला, तर एक पैसाही देऊ नका. बैलजोडी विकू नका, सातबारा हाती देऊ नका, कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नका. नागपुरात भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आहे, तेथे विचारा. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 प्रमाणे खनिजावर सामान्यतः शासनाचा हक्क असतो. परवान्याशिवाय खणणारा दंडाला पात्र ठरतो. तो पाहुणा तोवर निघून गेलेला असतो आणि खड्डा तुमच्या नावे राहतो.

पण ती चमक अगदीच निरुपयोगी नाही. अभ्रकात पालाश असते. ते फार सावकाश सुटते, म्हणून खताचा हिशेब माती परीक्षणावरच करावा. आणि दुसरी गोष्ट अधिक मोलाची. पाऊस उघडल्यावर शेताच्या उताराला, नाल्याच्या तोंडाशी चमकत्या रेतीचा ढीग दिसला, तर समजा की वरची माती निघून चालली आहे. बरडी आणि खरडी जमिनीत तर आधीच ती वीतभर असते. तेथे दगडांचा आडवा बांध घाला, पेरणी उताराला आडवी करा, धुऱ्यावर गवत राखा.

शंभर कोटी वर्षांचा डोंगर झिजून ही वीतभर माती झाली. ती वाहून गेली, तर कोणत्याही खाणीतून परत काढता येणार नाही.